नवव्या पायरीवरचं बेंगळूर

माझे मित्र माझ्याआधी मैसूरला पोचले होते आणि आत्यानं त्यांना नवव्या पायरीवर उभं केलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग घेऊन दारात आले, तेव्हा हॉलमध्ये दरवर्षीसारखी गोंब्यांची, म्हणजे दसऱ्याच्या बाहुल्यांची आरास होती. सगळ्यांत वर राजा-राणीची लाकडी जोडी, त्याखाली देव, त्याखाली वाजंत्री, लग्नाचं वऱ्हाड, भाजीवाल्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर एरवी क्रिकेटची टीम आणि नाचणीच्या अंकुरांची बाग असते. या वर्षी टीम गायब होती. बागेशेजारी एक पुठ्ठा उभा होता आणि त्यावर आत्याच्या शाळामास्तरणीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नव्याचं बेंगळूर’. नव्या म्हणजे मी.

स्कूटरवर बसलेली चन्नपट्टणची लाकडी बाई म्हणजे माझी रूममेट पूजिता. पाठीला काड्यापेटी बांधलेली कोळीण म्हणजे डोंगर चढणारी स्पृहा. कृष्णाची बासरी काढून त्याच्या हातात पुठ्ठ्याची गिटार दिली होती, तो नागपूरचा अनुराग. गलेलठ्ठ चेट्टी आणि चेट्टिण ही वाण्याची जोडी, म्हणजे माझे घरमालक. आणि या सगळ्यांच्या मधोमध मी, तंजावरची मान डोलवणारी बाहुली. टिचकी मारली की बराच वेळ हो-हो करत राहणारी. आत्याला माणसाची पारख नाही असं म्हणायची कुणाची छाती नाही.

“चप्पल काढ, हातपाय धू,” आत्या म्हणाली. “बाकीचे कुठं हायत?”

“उद्या येतात,” मी म्हणाले. माझी मान खरोखरच डोलत असावी.

आता हे बाकीचे म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी मला बेंगळूरला नोकरी लागली तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. अप्पांचं आणि भुवनदादाचं म्हणणं, इथं मैसूरजवळ बेळगोळला काय कंपन्या कमी आहेत, घरून डबा नेऊन नोकरी कर. आत्याचं म्हणणं, जाऊ दे तिला. अम्मा ज्याच्या ताटात वाढत असेल त्याच्या पक्षात. शेवटी निकाल तातांनी दिला. ताता म्हणजे आमचे आजोबा, वेंकोजीराव. त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण त्यांचा शब्द घरात चालतो, कारण काही बिघडलंच तर बोल लावायला ते सगळ्यांना सोयीचे पडतात. ते म्हणाले, “जा. पण एकटी राहायचं नाही. माणसांत राहायचं. एकटी पडलीस की त्या दिवशी परत.”

पहिल्या वर्षी मी माणसांतच होते. पूजिता खरी, तिची स्कूटर खरी, तिनं करपवलेला उप्पिट्टू खरा. स्पृहा दर शनिवारी कुठल्या तरी बेट्टावर, म्हणजे डोंगरावर, जायची आणि मला चल म्हणायची, हेही खरं. अनुराग ऑफिसच्या गच्चीवर गिटार वाजवायचा आणि आम्ही ऐकायचो, कारण गच्चीच्या दाराशी तोच बसलेला असायचा. मग पूजिताचं लग्न होऊन ती हैदराबादला गेली. स्पृहा डब्लिनला गेली. अनुराग नागपूरला परतला. मी तिथंच राहिले. त्यानंतर माझी नवी ओळख झाली ती इस्त्रीवाल्याशी, आणि तीही त्यानं माझा कुर्ता जाळला म्हणून.

पण दर रविवारी आत्याचा फोन यायचा. “पूजिता काय म्हणते गे?” ती विचारायची. पूजिता काही म्हणत नाही, असं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न तातांचा आला असता आणि त्यापुढचा फोन भुवनदादाचा. म्हणून हैदराबादला संसार करणारी पूजिता माझ्या स्वयंपाकघरात उप्पिट्टू करपवत राहिली. स्पृहा नंदी बेट्टवर सूर्योदय बघत राहिली. अनुराग नवी गाणी बसवत राहिला, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे आल्यापासून जरा बरं वाजवायला लागला. मी विमा कंपनीत दावे तपासते. अपघात झाला म्हणणाऱ्याचा अपघात झालाच होता का, हे ओळखायचा मला पगार मिळतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईला पाच मिनिटांत ओळखू आलं असतं असं खोटं मी दर आठवड्याला अर्धा तास बोलत होते.

आणि मग गणपतीच्या सुमारास आत्या म्हणाली, दसऱ्याला सगळ्यांना जेवायला घेऊन ये. मी हो म्हणाले. मला वाटलं, विसरेल. आत्या तातांच्या गोळ्या विसरते, जेवणाचं आमंत्रण ती कधीच विसरत नाही.

मैसूरला पोचले त्या संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन तीन फोन केले. खरंच केले. पूजिताचं बाळ रडत होतं. ती म्हणाली, अगं उद्या मैसूरला कशी येऊ, वेडी आहेस का. स्पृहानं उचलला नाही. अनुरागनं उचलला, नाव ऐकून खूश झाला आणि म्हणाला, “बोल ना नव्या. माझी पॉलिसी संपली का?”

खाली गल्लीतला टेलर सणाच्या ब्लाउजांवर शेवटचा हात फिरवत होता, त्याच्या शिलाई मशीनचा आवाज वर येत होता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. कारण भुवनदादानं जिन्यातच सांगितलं होतं की बेळगोळच्या त्याच्या कंपनीत जागा निघाली आहे, सोमवारी सहज म्हणून भेटून ये. दादाला तीन वर्षं संशय होता. तीन वर्षांत माझ्या फोनवर एकाही मित्राचा नवा फोटो नाही, हे त्यानं हेरून ठेवलं होतं आणि योग्य वेळेची वाट बघत होता. हे त्यानं मला नंतर सांगितलं, थोड्या अभिमानानं.

दसऱ्याची सकाळ कशी गेली ते मला अम्माकडून कळलं, कारण मी स्वतः पोट दुखतंय म्हणून पांघरुणात होते. अम्मानं माझ्या मित्रांसाठी ओब्बट्टू, म्हणजे पुरणपोळ्या, आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या. आता चित्रान्न, सांबारासारखी हुळी, कोशिंबीर, पायसम. तिच्या मनात एकच काळजी होती, नागपूरच्या मुलाला आपली हुळी आंबट लागेल की काय. तिनं वेगळं वरण केलं, साधं, हिंग-हळदीचं. कधी न पाहिलेल्या मुलासाठी.

ताता त्याहून पुढं गेले होते. आयुधपूजेची तलवार अजून पाटावर होती, कुंकवाची बोटं आणि लिंबू तसंच. आमचा कुणी पूर्वज महाराष्ट्रातून घोड्यावर बसून मैसूरच्या फौजेत आला आणि परत गेला नाही, त्याची ती तलवार. ही कथा घरातल्या प्रत्येकानं इतक्यांदा ऐकली आहे की घोड्याचं नाव ताता विसरले तर आम्ही सांगतो. तिकडून आलेला, ताजा, न ऐकलेला मराठी मुलगा तातांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. त्यांनी डोक्याला मैसूर पेटा बांधला आणि आरशासमोर उभं राहून शुद्ध मराठीचा सराव केला. अम्मानं दाराआडून ऐकलं. “यावे, यावे. प्रवास सुखाचा झाला ना आपला?” मग थांबून, स्वतःशी, “‘आपला’ बेडा, नको. ‘तुमचा’.”

दुपारी केळीची पानं मांडली. आमची आमच्या बाजूला आणि पाहुण्यांची समोर.

“जंबू सवारीमुळे रस्ते बंद आहेत,” मी म्हणाले. “अडकलेत.”

मैसूरच्या माणसाला दसऱ्यादिवशी हे कारण देवानंच दिलेलं आहे. हत्ती निघतात, शहर थांबतं, कुणी कुठं पोचत नाही आणि कुणी कुणाला दोष देत नाही. फक्त माझे अप्पा शहर बससेवेत वाहतूक नियंत्रक होते, हे मी घाबरून विसरले. अप्पांचा चेहरा उजळला. सगळं आयुष्य ते याच प्रश्नाची वाट बघत होते. कुठं अडकलेत, मंड्याकडून आले की कनकपुऱ्याकडून, गाडी स्वतःची की बस, त्यांना म्हणावं शहरात शिरूच नका, रिंग रोडनं वळसा घ्या, तिथून मी रिक्षा पाठवतो. त्यांनी हात पुढं केला. “फोन लाव. मी बोलतो.”

सगळे माझ्याकडे बघत होते. तातांचा पेटा जरा कलला होता. आत्या हातात तुपाची वाटी घेऊन उभी होती, पाहुण्यांच्या पानांच्या बाजूला.

“कुणी येणार नाही,” मी म्हणाले. “कालपर्यंत मी कुणाला बोलावलंच नव्हतं. बोलवायला कुणी नाही.”

मग मी सगळं सांगितलं. पूजिता केव्हा गेली, स्पृहा केव्हा, अनुराग केव्हा. शनिवारी मी दर्शिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात, उभ्यानं इडली-वडा खाते, लालबागेत चक्कर मारते, कपडे धुते. रविवारी आत्याचा फोन येण्याआधी तासभर बसून आठवडा रचते. सांगताना माझ्या लक्षात आलं की खरा आठवडा सांगायला काहीच वेळ लागत नाही.

पहिले बोलले ते ताता. “मग तो नागपूरचा मुलगा येत नाही?”

“नाही, ताता.”

त्यांनी पेटा काढून मांडीवर ठेवला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

भुवनदादा म्हणाला, सोमवारी भेटून यायला हरकत नाही. अप्पा म्हणाले, भेटून काय, सामानच आणू या, तातांची अट तिला माहीत होती. दोघं जणू सकाळपासून तयार असल्यासारखं ठरवत गेले, खोली कुठली, गाडी कुणाची. मी म्हणाले, मला परत यायचं नाही. का, असं अप्पांनी विचारलं, आणि मला नीट सांगता आलं नाही. तिथं मला कुणी विचारत नाही, हेच कारण होतं. त्याचंच मला रडू येतं आणि तेच मला हवंही आहे, हे पानावर बसलेल्या अप्पांना कुठल्या तोंडानं सांगणार?

तेव्हा अम्मानं हुळीचं भांडं खाली ठेवलं. अम्मा ज्याच्या ताटात वाढते त्याच्या पक्षात असते असं मी वर म्हटलं ते खोडून टाकते.

“माणसांत राहा, माणसांत राहा,” ती तातांकडे न बघता म्हणाली. “मी तीस वर्षं माणसांत राहते, मामंजी. सकाळपासून माझ्याशी कोण काय बोलतं या घरात? हुळीत मीठ कमी हाय, इतकंच. ती तिकडं एकटी कॉफी पिते तर पिऊ दे की.”

मग अप्पा हळूच म्हणाले, “आज मीठ बरोबर हाय.” ते खरंच समजूत काढायला म्हणाले होते. अम्मा उठून आत गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच अप्पांनी स्वतःच्या हातानं भात वाढून घेतला आणि तो पानाबाहेर सांडला.

आत्या मात्र अजून तुपाची वाटी घेऊन उभी होती. भवानीबाई, प्राथमिक शाळेतून निवृत्त, लग्न मोडलं त्या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली, तेव्हापासून याच घरात. आयुष्यात एकदाच ती बाहेर मुक्कामाला राहिली होती, शाळेच्या सहलीबरोबर तलकाडला. तेव्हाही दुसऱ्या सकाळी ताता बसनं मागोमाग हजर झाले होते, वाळूतली देवळं बघायला म्हणून. माझं चुकलं ते हे, की मला वाटायचं ती माझी चौकशी करते. ती चौकशी नव्हतीच. रविवारचा तो अर्धा तास तिचा होता. नऊ दिवस संध्याकाळी हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना ती एकेक गोंबा दाखवून सांगत होती, ही पूजिता, हिला स्कूटर चालवायची भारी हौस. मी सांगितलं नव्हतं तेही सांगत होती. मूर्तीमामींनी, म्हणजे समोरच्या नरसिंहमूर्तींच्या बायकोनं, ते मला दारातच ऐकवलं होतं. पूजिताला आईची आठवण येते तेव्हा आपली नव्या तिचं डोकं चेपून देते, म्हणे.

आत्यानं पाहुण्यांच्या पानांवर तूप वाढलं नाही. वाटी झाकून ठेवली आणि गोंब्यांसमोर जाऊन बसली. दुपारभर टीव्हीवर हत्ती चालले होते, अंबारी हलत होती. मी एकदा तिच्याशेजारी जाऊन बसले. तिनं मला उठ म्हटलं नाही, एवढंच.

मिरवणूक संपली तशा बायका आल्या. विजयादशमीला शेवटची आरती झाली की गोंबा आडवा करतात, म्हणजे सण निजला. मूर्तीमामींनी आल्या आल्याच विचारलं, “काय भवानीबाई, आले का बेंगळूरचे पाहुणे?”

मी दारात उभी होते. अप्पा आणि दादा जिन्यात. आत्यानं एक ‘येऊन गेले’ म्हटलं असतं तर तिची लाज राहिली असती. मी मनातल्या मनात तिला ते म्हणायला सांगत होते. खोटं कसं बोलायचं याचा मला तीन वर्षांचा अनुभव होता, तिला नव्हता.

“नाही आले,” आत्या म्हणाली. तिनं स्कूटरवरची बाई उचलली आणि आडवी ठेवली. “ही लग्न होऊन हैदराबादला गेली.” मग काड्यापेटीवाली कोळीण. “ही परदेशी.” कृष्णाची गिटार तिनं काढून घेतली आणि बासरी परत हातात दिली. “हा आपल्या गावी. बरं वाजवत नव्हता म्हणे.”

मूर्तीमामींनी “अय्यो पापा, बिचारी” म्हटलं आणि पुढं काय म्हणायचं ते न सुचून कोशिंबिरीची वाटी उचलली.

पायरीवर मी एकटी राहिले, मान डोलवत, आणि बाजूला चेट्टी-चेट्टिण. आत्या वाकली, रिकाम्या खोक्यात हात घालून बराच वेळ चाचपत राहिली आणि एक जुनी लाकडी बाई बाहेर काढली. नाक उडालेली, साडीचा रंग गेलेली. कितीतरी वर्षांत ती आराशीत मांडली गेली नव्हती. आत्यानं तिला पदरानं पुसलं आणि माझ्या शेजारी उभी केली.

“ही कोण?” तातांनी खुर्चीतून विचारलं.

“पेइंग गेस्ट,” आत्या म्हणाली.

तातांना समजायला वेळ लागला. अप्पांना आधी समजलं. ते जिन्यातून दोन पायऱ्या खाली आले आणि म्हणाले, अक्का, काय बोलतेस, या वयात, तिकडं पाणी बरं नाही, तुझे गुडघे. दादा म्हणाला, तिचं घर केवढंसं. आत्या कुणाकडे वळली नाही. ती तातांशीच बोलत होती.

“तुमचीच अट हाय. तिनं एकटी राहायचं नाही. नाही राहत.”

“आणि तुला कोण जा म्हणालं?” ताता म्हणाले.

“कोणी नाही,” आत्या म्हणाली. “बासष्ट वर्षं वाट बघितली कोण म्हणतंय का.”

अम्मा स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती शांतपणे म्हणाली, गादी मी बांधून देते, तिच्याकडे एकच असणार. ताता तलवारीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, तिकडं बेंगळूरला घरमालक कुठला, कन्नड की मराठी. मी म्हणाले, चेट्टी. ते म्हणाले, “सरि, बरं. त्याला कथा माहीत नसेल. भवानी, तू सांग त्याला. घोड्याचं नाव विसरू नको.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी आत्याला मिठी मारली. तिच्या अंगाला तुपाचा आणि कापराचा वास होता. चार वर्षांत मी कुणाला मिठी मारली नव्हती. हातांचं काय करायचं तेही मला लगेच आठवलं नाही. त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, माझ्या एका खोलीच्या घरातलं ते उभ्यानं खाणं, ते कुणी न विचारणं, ती सगळी चैन डोळ्यांसमोरून निघून गेली. मी बाईचं स्वातंत्र्य मागितलं होतं. ते मंजूर झालं, सोबत गुडघ्याच्या तेलासकट.

बायका गेल्यावर आत्यानं पुठ्ठ्याची पाटी काढून मला दिली, बेंगळूरच्या दाराला लावायला.

“गुरुवारी निघू,” ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही, इतका तो उतावळा होता. “शनिवारी आधी नंदी बेट्ट. ढग पायाखाली, सूर्य वर येतो, वळणावर ती चहावाली बाई. तू सांगितलीस तसं सगळं बघायचं हाय मला. वाट तर तुला पाठ असेल.”

नंदी बेट्टला मी कधीच गेले नव्हते. स्पृहा जायची आणि मी तिचे फोटो बघायचे. दुपारी मी एवढं सगळं कबूल केलं, त्यात हे तेवढं राहून गेलं होतं. चहावाली बाई तर फोटोतही नव्हती, ती मी एका कंटाळवाण्या रविवारी स्वतः जन्माला घातली होती.

आत्या माझ्याकडे बघत होती. चष्म्यामागचे डोळे हसत होते की नुसते ओले होते, ते मला कळलं नाही.

“पाठ आहे की,” मी म्हणाले, आणि आत जाऊन मोबाइलवर रस्ता शोधायला बसले.